भाईंदरला काय आहे? मीठ आणि मच्छर!

माझा भाचा कंपनीच्या कामानं शांघायला गेलाय. मागच्या महिन्यात एका रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे रुंद नदी, पलीकडे काचेचे उंच मनोरे, अलीकडे ओळीनं उभ्या असलेल्या जुन्या दगडी इमारती, आणि मधल्या रुंद फरसबंदीवर माणसंच माणसं. म्हातारे, पोरंटोरं, नवीन लग्न झालेली जोडपी. सगळे नुसते चालतायत.

"मामा, दोन तास झाले मी चालतोय. एक पैसा लागला नाही. तुमच्याकडे एवढी मोठी खाडी आहे, तुम्ही कुठं चालता?"

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "आम्ही स्टेशनपर्यंत चालतो." तो हसला, मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर ते हसू टिकलं नाही.

कारण आमच्या घरात या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर होतं. माझे वडील लालबागला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, पुढं लालबागचं घर गेलं आणि १९८६ मध्ये आम्ही भाईंदर पश्चिमेला एका खोली-किचनमध्ये आलो. गावाहून कोणी आलं आणि "इकडे बघण्यासारखं काय आहे हो?" असं विचारलं की वडील म्हणायचे, "भाईंदरला काय आहे? मीठ आणि मच्छर!" आम्ही सगळे हसायचो. चाळीस वर्षं मीही पाहुण्यांना हेच सांगत आलो. माझ्या मुलीचा जन्म इथला, तिनं शाळेत 'माझे शहर' या निबंधात मुंबईबद्दल लिहिलं होतं. गेटवे, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह.

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण दोन रविवार पायपीट करून लिहिली आहे, तेव्हा सवडीनं वाचा.

*

आधी शांघायचं सांगतो, कारण तिथूनच मला आपल्या घराचा रस्ता सापडला.

भाचा चालत होता त्या नदीकाठाला 'बुंड' म्हणतात. नदीचं नाव ह्वांगपू. मला वाटलं शब्द चिनी असेल. तो चिनी नाही. मूळ शब्द फारसी, 'बंद', म्हणजे पाणी अडवायला घातलेला बांध. हिंदुस्थानात राहून इंग्रजांनी तो उचलला आणि पुढं चीनला घेऊन गेले. १८४२ च्या नानकिंगच्या तहानंतर शांघाय परदेशी व्यापाराला खुलं झालं. तेव्हा त्या जागी नदीचा चिखलाचा काठ होता, नावा ओढणारी माणसं त्यावरून चालायची. त्याच काठावर पुढं बँका, कस्टम हाऊस, हॉटेलं उभी राहिली. लांबी म्हणाल तर जेमतेम दीड किलोमीटर. पण नाव राहिलं ते बांधाचंच.

आता दुसरी गोष्ट. त्या ओळीतली एक प्रसिद्ध इमारत म्हणजे हिरव्या टोकदार छपराचं ससून हाऊस. १९२९ मध्ये पुरं झालं. ससून म्हणजे तेच, आपल्या कुलाब्याच्या ससून डॉकवाले. बगदादहून आलेला डेव्हिड ससून १८३० च्या दशकात मुंबईत स्थिरावला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, त्या व्यापारात हे घराणं गब्बर झालं. नंतर मुंबईत त्यांच्या कापडगिरण्या निघाल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीला याच घराण्यातल्या व्हिक्टर ससूननं आपलं भांडवल मुंबईतून शांघायकडे वळवायला सुरुवात केली आणि बुंडवर ते हिरवं छप्पर उभं राहिलं.

मुंबईत ससूनच्या ज्या गिरण्या होत्या त्यातली मोठी जेकब ससून मिल. १९४३ मध्ये त्या गिरण्या विकल्या गेल्या आणि नाव पडलं इंडिया युनायटेड मिल. जेकब ससूनची झाली इंडिया युनायटेड नंबर १. माझे वडील १९६४ मध्ये तिथंच लागले होते.

म्हणजे ज्या घराण्याच्या गिरणीत पुढं माझ्या वडिलांनी घाम गाळला, त्या घराण्याचा पैसा शांघायच्या नदीकाठी जाऊन इमारत झाला, आणि गिरणीतला कामगार आला भाईंदरच्या खाडीकाठी. तिकडच्या काठावर जग चालायला जातं. इकडच्या काठावर आम्ही नाकाला रुमाल लावून जातो. हे कळल्यावर मला काही घरी बसवेना.

*

पहिला रविवार. सुरुवात घोडबंदरपासून.

नकाशा डोळ्यासमोर आणा. उल्हास नदी सह्याद्रीतून कर्जतकडून खाली येते, कल्याणवरून ठाण्याला येते. तिथं तिचे दोन फाटे होतात. एक दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत जातो. दुसरा, मोठा, पश्चिमेला वळतो, घोडबंदर आणि भाईंदरवरून जातो आणि वसई व उत्तन यांच्या मधून समुद्राला मिळतो. हीच आपली वसईची खाडी. साष्टी बेटाची उत्तरेकडची वेस. आपलं मीरा-भाईंदर या वेशीवर बसलंय. उत्तरेला खाडी, पश्चिमेला समुद्र.

घोडबंदरचा किल्ला खाडीच्या काठी टेकडीवर आहे. अरबांकडून येणारे घोडे या बंदरात उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. (बंदर हा शब्दही फारसीच बरं का.) किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. वर गेलं की पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात येते: इथून खाडीतली एकही होडी लपून जाऊ शकत नाही. मागे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, खाली वरसावेचे पूल, त्यावर मुंगीसारखे ट्रक. नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला, तरी सकाळी नऊला रांग होतीच.

इथं उभं राहून एक विचार करा. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि काही काळातच तिथल्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली. मराठी आरमाराचा श्रीगणेशा तिथला. पण कल्याणात बांधलेलं जहाज समुद्रात जाणार कुठून? याच पाण्यातून, पोर्तुगीजांच्या ठाण्यांसमोरून. तेव्हा ही खाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात आरमाराचा गळा. १६७२ मध्ये घोडबंदरवर मराठ्यांनी हल्ला केला, पण पोर्तुगीजांनी तो परतवला. किल्ला हातात आला तो १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत. पुढं इंग्रजांकडे गेला.

किल्ल्यात डागडुजी झालेली आहे. भिंती नीट उभ्या आहेत, पाण्याचं टाकं आहे. मी गेलो तेव्हा तिथं दोन प्री-वेडिंग शूटिंग चालू होती. वाईट वाटायचं काही कारण नाही, माणसं येतात हेच चांगलं. पण मी त्यातल्या एका मुलाला विचारलं, किल्ला कोणाचा? तो म्हणाला, "महाराजांचाच असणार ना काका." त्याचा दोष नाही. महाराजांच्या काळात हा किल्ला कोणाकडे होता आणि का हवा होता, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

*

घोडबंदरहून भाईंदर पूर्वेला काठाकाठानं जाता येत नाही. मी प्रयत्न केला. मध्ये मिठागरं, तिवरं, कुठं कुंपण, कुठं राबिट टाकून भरलेली जमीन. शेवटी काशीमिऱ्याला येऊन बस धरली आणि जेसल पार्कला उतरलो.

जेसल पार्कची चौपाटी सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी भेळ खायला, गणपती विसर्जनाला, छठपूजेला आपण जातो. पण तिथं बसून समोरच्या रेल्वे पुलाकडे कधी नीट पाहिलंय?

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनं, जुन्या माणसांच्या बीबीसीआयनं, नोव्हेंबर १८६४ मध्ये ग्रँट रोड ते अहमदाबाद गाडी सुरू केली. त्यासाठी ही खाडी ओलांडावी लागली. एका झेपेत नव्हे, दोन झेपांत. मध्ये पाणजू बेट. भाईंदर ते पाणजू एक पूल, पाणजू ते नायगाव दुसरा. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत लोकल सुरू झाली. आज विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्या प्रत्येकाचा इतिहास त्या दिवसापासून सुरू होतो. आजचे काँक्रीटचे पूल १९८० च्या दशकातले.

आणि पाणजू? चहूबाजूंनी पाणी, डोक्यावरून दिवसभर गाड्या धडधडतात, पण तिथं स्टेशन नाही. बेटावर माणसं राहतात, होडीनं ये-जा करतात. आपण मात्र त्या पुलावरून जाताना खिडकीतून निर्माल्याची पिशवी फेकतो, नारळ फेकतो. पुलाखाली होडी असू शकते, पुलालगत माणूस असू शकतो, हे आपल्या मनातही येत नाही. खाडीला हात जोडून आपण तिच्यातच कचरा टाकतो. मीही टाकलाय. आई असताना दर दसऱ्याला ती पिशवी माझ्या हातात द्यायची.

*

जेसल पार्कवरून फाटक ओलांडून पश्चिमेला आलो. इथं मला तो माणूस भेटला ज्याच्यामुळे ही पोस्ट लिहिली.

मिठागराच्या बांधावर एक आगरी काका बसले होते. वय सत्तरीच्या पुढं. मी विचारलं, "काका, या बांधावरून चालत गेलो तर चालेल का?"

"जा की. बांध चालायलाच असतो."

मी बसलो त्यांच्याजवळ. त्यांनी मला मीठ कसं पिकतं ते सांगितलं. हो, ते 'पिकतं' असंच म्हणतात. उधाणाच्या भरतीला उघाडीतून खाडीचं पाणी आत घ्यायचं. मोठ्या कोंडीत काही दिवस तापवायचं, मग पुढच्या, मग त्याहून उथळ वाफ्यात. दर टप्प्याला पाणी जड होत जातं. तळ पायानं तुडवून तुडवून इतका घट्ट करायचा की पाणी मुरलं नाही पाहिजे. मग एक दिवस वर पांढरी साय धरते. लाकडी फावड्यानं ती ओढायची, बांधावर ढीग लावायचे. दिवाळीनंतर सुरू, पहिल्या पावसाला बंद. एक अवकाळी सर आली की महिन्याची मेहनत विरघळली.

"आणि हा बांध कोणी घातला?"

"आजानं. त्याच्या आजानं. दर वर्सी पावसानंतर चिखल चढवावा लागतो. एक वर्स सोडला तर बांध राहत नाही."

मला एकदम भाच्याचा फोन आठवला. बुंड, बंद, बांध. शांघायचा काठही एके काळी असाच चिखलाचा होता. आमच्याकडे तो बांध आहेच की! तोही पिढ्यानपिढ्या माणसांच्या हातानं चढवलेला. फक्त आपण त्याला 'मोकळी जमीन' म्हणतो. वर्तमानपत्रात मिठागर आलं की बातमी एकच असते: जमीन कोणाची, किती एकर, त्यावर काय बांधणार. ज्यांनी ती जमीन घडवली त्यांचं कौशल्य त्या एकरांत मोजलं जात नाही.

वडिलांच्या त्या वाक्यातलं 'मीठ' म्हणजे हे होतं. आम्ही ज्याला हसायचो ते.

काकांना मी हे सांगितलं नाही. लाज वाटली.

*

दुसरा रविवार, पश्चिमेचा टोक. भाईंदर स्टेशनहून उत्तनची बस पकडली, पण मुर्ध्याला उतरलो आणि पुढं चालत गेलो. मुर्धा, राई, मोर्वा, मग डोंगरी, तारोडी, पाली, चौक, उत्तन. बसमधून हे सगळे थांबे असतात. चालत गेलं की गावं होतात.

या सगळ्या पट्ट्याचं जुनं नाव धारावी बेट. (सायनजवळच्या धारावीशी गल्लत करू नका.) धारावी देवीचं देऊळ आजही आहे. रस्त्याच्या कडेला कौलारू घरं, पुढं ओटा, काहींना लाकडी कठड्याची गॅलरी. चौकात क्रूस, त्यावर झेंडूचा हार. एका बाजूला आगरी वस्ती, पुढं ख्रिस्ती कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन लोकांची घरं. 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ मधलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलेलं. माणसं त्याआधीपासून इथलीच. चर्चमधून ऐकू आलेली प्रार्थना मराठीत होती. डोंगरीचं बेथलेहेम माउलीचं चर्च पोर्तुगीज काळापासूनचं. भिंतीवर हात ठेवून पाहा, आपल्या फ्लॅटच्या चार भिंती एकत्र केल्या तर तेवढी जाडी होईल.

या टेकड्यांचा दगड प्रसिद्ध होता. कठीण, एकसारखा, मोठे खांब निघतील असा. वसईच्या किल्ल्यातल्या इमारतींना धारावीचा दगड गेला. म्हणजे पलीकडच्या काठावर जे वैभव उभं राहिलं, त्यातला काही भाग आपल्या काठावरच्या डोंगरातून होडीत बसून गेला.

चौकला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. इथं धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत आणि चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. टेकडीच्या कडेला उभं राहिलं की समोर खाडीचं मुख, आणि पलीकडे वसईच्या किल्ल्याची बाजू. नजरेनं मोजता येईल एवढं अंतर.

आणि तिथं मला सगळं एकदम समजलं. शाळेत आपण शिकलो, "चिमाजी अप्पांनी वसई जिंकली." एक ओळ, दोन मार्क. पण वसई एका दिवसात, एका किल्ल्यावर जिंकली गेली नाही. मोहीम सुरू झाली मार्च १७३७ मध्ये, संपली मे १७३९ मध्ये. दोन वर्षं. आणि त्या दोन वर्षांत मराठ्यांनी आधी हे पाणी घेतलं. ठाणं घेतलं, तो खाडीचा फाटा. घोडबंदर घेतलं, ती खाडीची मान. ६ मार्च १७३९ ला धारावी घेतली, ते खाडीचं तोंड. धारावीच्या टेकडीवर तोफा चढल्या की समुद्रातून वसईला येणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्याखालून जावं लागणार. वसईचा श्वास इथं कोंडला. मग तिकडं सान सेबास्तियन बुरुजाला सुरुंग लागले, भिंत पडली, आणि दोनच महिन्यांत पोर्तुगीज तहाला आले. माणसांना सामान घेऊन बाहेर पडायला मुदत दिली गेली आणि दोनशे वर्षांचा अंमल संपला. तिथल्या चर्चच्या घंटा पुढं कुठं कुठं गेल्या ते माहीत असेल. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा, भीमाशंकरची घंटा.

चिमाजी अप्पांना ही खाडी सलग दिसत होती. ठाण्यापासून उत्तनपर्यंत एक वस्तू. आपल्याला ती तुकड्यांत दिसते. घोडबंदर म्हणजे ट्रॅफिक, जेसल पार्क म्हणजे भेळ, रेल्वे पूल म्हणजे लोकल, मिठागर म्हणजे प्लॉट, उत्तन म्हणजे पिकनिक. पलीकडचा काठ दुसऱ्या महापालिकेचा, वरचा ठाण्याचा, रेल्वेचा भाग रेल्वेचा, मिठाचा भाग केंद्राचा, तिवरांचा वन खात्याचा. सगळ्यांचे तुकडे आहेत. सबंध खाडी कोणाचीच नाही.

*

शेवट करायला मी दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकली आणि भाईंदरच्या जेट्टीवरून रो-रो बोटीनं वसईला गेलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही सेवा सुरू झाली. रस्त्यानं गेलं तर वरसावे पुलावरून वळसा घालून तास-दीड तास, पाण्यातून पंधरा-वीस मिनिटं. बोटीत बरेचसे दुचाकीवाले होते, मोबाईलमध्ये डोकं घालून. मी कठड्याला उभा राहिलो. डावीकडे उत्तनची टेकडी, समोर वसई, मागे पूल, त्यावर विरार लोकल. तीनशे वर्षांचा नकाशा एका नजरेत.

वसईच्या किल्ल्यात गेलो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तहात वसई दिली आणि १५३६ पासून पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला. आत छप्पर नसलेली चर्चं, वडाच्या मुळांनी धरून ठेवलेल्या कमानी. तिथंही चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. दोन्ही काठांवर एकाच माणसाचं स्मारक, आणि मध्ये जे पाणी त्यानं जिंकलं त्याबद्दल एका काठावरही पाटी नाही.

*

आता मुद्द्याचं बोलतो.

मी शांघाय करा म्हणत नाहीये. आपल्याकडे 'चौपाटी सुशोभीकरण' म्हटलं की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट, उद्घाटनाचा बोर्ड, आणि दोन पावसाळ्यांनंतर गंजलेला कठडा. शांघायनं बुंडवर जे केलं ते उलटं होतं. तिथंही काठ आणि इमारती यांच्या मध्ये गाड्यांचा पूर वाहत होता. २०१० च्या जागतिक प्रदर्शनाआधी त्यांनी बहुतेक वाहतूक जमिनीखालच्या बोगद्यात नेली आणि वरची जागा चालणाऱ्यांना दिली. तेवढा पैसा आपल्या महापालिकेकडे नाही, मान्य. पण 'काठ आधी चालणाऱ्याचा' हा विचार फुकट आहे.

आणि एक धोका उघड आहे. या शहराच्या दोन्ही टोकांना मोठी कामं येतायत. वर्सोव्याहून भाईंदरकडे रस्ता येतोय. डोंगरीच्या टेकडीवर मेट्रो ९ च्या कारशेडसाठी झाडं तोडण्यावरून गावकऱ्यांनी आवाज उठवला ते तुम्ही वाचलंच असेल. मेट्रो आपल्याला हवी आहे, मलाही हवी आहे. चाळीस वर्षं लोकल केली, गुडघे बोलतात. पण निर्णय घेताना टेबलावर जो नकाशा असतो त्यात ही जागा कोरी असते. तिथं किल्ला, बांध, गावठाण, क्रूस, देऊळ काही लिहिलेलं नसतं. ज्या जागेला गोष्ट नाही ती जागा रिकामी समजली जाते. आणि तिथं गोष्ट नाही असं सांगणारे आपणच, "मीठ आणि मच्छर" म्हणणारे.

म्हणून माझ्या मागण्या छोट्या आहेत.

१. घोडबंदर, जेसल पार्क, भाईंदर जेट्टी, डोंगरी, चौक, उत्तन या सहा ठिकाणी मराठीत नीट पाटी लावा. काय झालं, कधी झालं, आणि इथून पुढची जागा कुठली. पाट्या एकमेकींना जोडणाऱ्या हव्यात.

२. या सहा ठिकाणांना जोडणारी रविवारची एक बस सोडा. परिवहन सेवेला ते अवघड नाही.

३. तिवरांना हात न लावता, जिथं बांध आणि पायवाट आधीपासून आहे तिथं माणसाला चालू द्या. २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं तिवरांना संरक्षण आहे, ते राहिलंच पाहिजे. भराव टाकून प्रोमेनाड नको.

४. मिठागरात काम केलेली, होडी चालवलेली, गावठाणातली जी जुनी माणसं आहेत त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा. शाळांनी हे करावं. बांध कसा घालतात हे सांगणारी पिढी आणखी दहा वर्षांनी नसेल.

आपल्या शहराची नगरपालिका झाली १९८५ मध्ये, महापालिका २००२ मध्ये. २०११ च्या जनगणनेतच आपण आठ लाखांच्या वर होतो. यातले बहुतेक माझ्यासारखे, बाहेरून आलेले, घर परवडलं म्हणून आलेले. आपल्याला वाटतं इतिहास मुंबईत आहे, पुण्यात आहे, आपण नुसते राहतो. पण ज्या मातीवर आपली सोसायटी उभी आहे तिच्यासाठी माणसांनी दोन वर्षं झुंज दिली होती. आणि त्याच्या आधी आणि नंतर कोणीतरी दर पावसाळ्यानंतर बांधावर चिखल चढवत होतं.

काल रात्री मुलीला नकाशा काढून दाखवला. ती आता कॉलेजात आहे. म्हणाली, "बाबा, हे आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, मलाच कुठं माहीत होतं. येत्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा त्या मिठागराच्या बांधावर जाणार आहोत. काका भेटले तर त्यांना सांगायचं आहे की चीनमध्ये एक जगप्रसिद्ध रस्ता आहे, त्याला तुमच्या बांधाचं नाव आहे.

वडील असते तर त्यांनाही घेऊन गेलो असतो. भाचा पुन्हा विचारेल तेव्हा आता उत्तर तयार आहे: आम्ही बांधावरून चालतो.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी मिठागराचे, जुन्या पुलाचे, उत्तन-डोंगरीच्या घरांचे फोटो असतील, आजी-आजोबांच्या आठवणी असतील, तर खाली लिहा. आणि मत मागायला जो कोणी दारात येईल त्याला गटार-पाणी-रस्त्याबरोबर हा एक प्रश्नही विचारा: खाडीकाठानं आम्ही चालायचं कुठून?